पिन बाहेरून लावली तर

वाचकांचे प्रश्न : कपडे आणि आपण

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. गेल्या महिन्यात तिनं वडिलांचं जुनं डेनिमचं जाकीट मागून घेतलं, बाह्या कापल्या, कडेनं तीसेक सेफ्टी पिना लावल्या आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं मोठ्ठं ‘नाही’ लिहिलं. विचारलं तर म्हणते, ‘हे पंक आहे, तुला नाही कळणार.’ क्लासबाहेर मुलं हसतात, सोसायटीतल्या बायका मला अडवून विचारतात. धडधाकट जाकीट फाडण्यात निषेध कसला? फॅडच ना हे?
– एक आई, नाशिक

उत्तर : तीस वर्षं शिवण शिकवल्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की कापलेल्या कडा तिनं दुमडून शिवल्यात की तशाच सोडल्यात? तशाच सोडल्या असतील तर रागावू नका. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं तरुणांचं बंड, गाण्यातलं आणि वेशातलंही. त्याची सुरुवातच उसवलेल्या कपड्यांपासून झाली.

1976 चं लंडन डोळ्यांसमोर आणा. बेकारांचा आकडा 10 लाखांच्या वर गेलेला, सरकारनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरलेला. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना पुढे काय, हे कुणी सांगत नव्हतं. किंग्ज रोडवर 430 क्रमांकाच्या दुकानात व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅकलॅरेन कपडे विकत. शिवायची ती व्हिव्हियन. आधी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, शिवण स्वतःच शिकलेली. मॅकलॅरेननं न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल नावाच्या गायकाला फाटक्या, पिना लावलेल्या शर्टात पाहिलं होतं. ते डोक्यात घेऊन तो परतला.

या दुकानातले मलमलीचे शर्ट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यातल्या एकासमोर मी अर्धा तास उभी होते. बाह्या हातापेक्षा कितीतरी लांब, वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाला जखडायच्या सदऱ्यासारख्या, आणि त्या अडकवायला धातूच्या कड्या. घालणारा जणू सांगतोय, ‘तुम्ही मला बांधूनच ठेवलंय, मग ते दिसू दे.’ मलमल मी आयुष्यभर हाताळली, पण तिला असं बोलताना तिथेच पाहिलं.

हे शर्ट मात्र महाग होते. बहुतेक पोरांना ते परवडत नव्हते, आणि मला वाटतं पंकचं नशीब इथेच उघडलं. त्यांनी जुन्या कपड्यांच्या दुकानांतून कोट आणले, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगावर चढवल्या, शाळेचे शर्ट रंगवले. ‘द क्लॅश’ या बँडची मुलं तर स्वतःच्या कपड्यांवर रंग उडवून, स्टेन्सिलनं, म्हणजे अक्षरं कापलेल्या साच्यातून, घोषणा उमटवून मंचावर येत.

आता पिनेचं. आपण साडीच्या निऱ्यांना, पदराला पिन लावतो ती आतून, कुणाला दिसू नये अशी. फाटलेलं, सैल झालेलं झाकायची ती वस्तू. या मुलांनी तीच बाहेर काढून छातीवर लावली. 1977 मध्ये राणीच्या राज्यारोहणाला 25 वर्षं झाल्याचा उत्सव चालू असताना जेमी रीड या चित्रकारानं पोस्टरवर राणीच्याच ओठांतून पिन आरपार घातली. देश उसवलाय, हे त्याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

‘मुलं हसतात’ असं तुम्ही लिहिलंत. त्या दुकानात काम करणारी एक मुलगी जॉर्डन या नावानं ओळखली जायची. केसांचा उभा मनोरा, डोळ्यांभोवती काळे पट्टे. ती समुद्राकाठच्या सीफर्ड गावाहून रोज रेल्वेनं लंडनला यायची. प्रवासी इतके अंगावर येत, की रेल्वेचे कर्मचारी तिच्या सुरक्षिततेसाठी तिला पहिल्या वर्गाच्या डब्यात बसवत. तरी तिनं वेश बदलला नाही. जून 1977 मध्ये पंक गायक जॉनी रॉटनवर चाकूहल्ला झाला. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर डिसेंबर 2011 मध्ये इंडोनेशियातल्या बांदा आचे शहरात एका कार्यक्रमातून 60 हून अधिक पंक मुलामुलींना पोलिसांनी उचललं. मुलांची डोकी भादरली, सगळ्यांना तळ्यात उतरवून आंघोळ घातली आणि ‘सुधारण्यासाठी’ दहा दिवस डांबलं. खटला नाही, आरोप नाही. नुसत्या फॅडला कुणी इतकं घाबरत नाही.

एक गोष्ट मुलीशी जरूर बोला. लंडनच्या काही पंकांनी थोरांना डिवचायला नाझींचं चिन्ह दंडावर मिरवलं. ते चूकच होतं, तेव्हाही आणि आजही. पण त्याच पंकांतले कितीतरी जण 30 एप्रिल 1978 ला वर्णद्वेषाविरुद्ध ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेले. तिथे गायलेली पॉली स्टायरिन तुमच्या मुलीला आवडेल. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दातांना तारा, अंगावर झगझगीत रंग, आणि सुंदर दिसायच्या सक्तीला ठाम नकार.

फॅड झालंच, तेही लगेच. झँड्रा रोड्स या नामांकित डिझायनरनं 1977 मध्येच मणी लावलेल्या पिनांचे उंची पोशाख काढले. फाटकी जीन्स आज मॉलमध्ये घडी घालून मिळते. तुमच्या मुलीनं ती विकत आणलेली नाही. वडिलांचं जाकीट मागून घेतलं, कात्री चालवली आणि मराठीत एक शब्द लिहिला. मला त्या शब्दाची फार उत्सुकता आहे. ‘लोक काय म्हणतील’ बाजूला ठेवून तिला एवढंच विचारा, की ‘नाही’ कशाला? आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

प्रश्न : मला टी-शर्टवर स्टेन्सिलनं मराठी अक्षरं उमटवायची आहेत. दर वेळी रंग फुटतो. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नव्या कापडाला खळ असते, ती आधी धुऊन काढ. घरातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर अक्षरं काप. व, ब, क यांच्या पोटातली पोकळी गळून पडते, म्हणून तिथे बारीक पट्टी जोडलेली ठेव. शर्टाच्या आत पुठ्ठा घाल. कापडाचाच रंग घे, त्यात पाणी घालू नकोस. स्पंज रंगात बुडवून आधी कागदावर टिपून घे, जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, मग वरून नुसता टेकव, घासू नकोस. एक दिवस वाळू दे आणि उलट्या बाजूनं इस्त्री कर. शिरोरेषा शेवटी काप, नाहीतर हाताळताना फिल्म तिथेच फाटते.