'नाविन्यता', 'नवोन्मेष', 'नवोपक्रम' की 'नवप्रवर्तन'?

लघुउद्योजकांच्या एका मेळाव्यासाठी पत्रक तयार करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, "केवळ तंत्रज्ञानाच्या नव्हे, तर ताज्या विचारांच्या माध्यमातून व्यवसायात नाविन्यतेला चालना देणे" हे वाक्य मराठी म्हणून चालेल का. 'नाविन्यता' हा शब्द शुद्ध आहे का, आणि जिथे नवे यंत्र किंवा नवी संगणकप्रणाली मुळीच नाही अशा बदलाला 'इनोव्हेशन'चा प्रतिशब्द लावता येतो का, अशा त्यांच्या दोन शंका आहेत. पहिली शंका लवकर मिटण्यासारखी आहे. दुसरीला जरा वेळ द्यावा लागेल.

'सुंदर'पासून 'सौंदर्य', 'मधुर'पासून 'माधुर्य', तसे 'नवीन'पासून 'नावीन्य'. हे भाववाचक नाम झाले. त्याला पुन्हा 'ता' जोडणे म्हणजे 'सौंदर्यता' किंवा 'सौजन्यता' म्हणण्यासारखे आहे. एकतर 'नवीनता' म्हणावे, नाहीतर 'नावीन्य'. आणि मूळ शब्दातला 'वी' दीर्घ असल्यामुळे 'नाविन्य' असे ऱ्हस्व लिहू नये. राज्य शासनाच्या 'कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता' विभागाच्या नावात हा शब्द आल्यापासून त्याला जणू राजमान्यता मिळाली आहे. विभागाचा उल्लेख करताना त्याचे नाव आहे तसेच लिहावे लागेल, परंतु स्वतःच्या वाक्यात ती चूक वाहून नेण्याचे काही कारण नाही. शिवाय 'नावीन्य' हा गुण आहे, कृती नव्हे. एखाद्या कल्पनेत नावीन्य असते किंवा नसते. ते कोणी 'करत' नाही. उद्योगाच्या संदर्भात मात्र आपल्याला कृतीचे नाव हवे आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर शब्दकोशापेक्षा अर्थशास्त्रात अधिक चांगले सापडते. या संकल्पनेला आर्थिक विचारात मध्यवर्ती स्थान मिळवून देणारे जोसेफ शुंपीटर यांनी 1911 च्या आपल्या जर्मन ग्रंथात उद्योजकाच्या कामाला 'नवे संयोग' घडवणे असे म्हटले आणि त्याचे पाच प्रकार सांगितले: नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. यांतले शेवटचे तीन तर तंत्रज्ञानाशिवाय सहज घडू शकतात. आणि उत्पादनाच्या नव्या पद्धतीबद्दलही शुंपीटर यांनी बजावले आहे की, ती एखाद्या वैज्ञानिक शोधावर आधारलेली असण्याची मुळीच गरज नाही, माल व्यापारात हाताळण्याची नवी रीतसुद्धा तिच्यात मोडते. शोध लावणारा वेगळा आणि तो व्यवहारात आणणारा वेगळा, हा भेदही त्यांनी आवर्जून केला. तरीही प्रश्नकर्त्यांच्या मनात शंका यावी हे स्वाभाविक आहे, कारण या विषयाची मोजदाद कशी करावी हे ठरवणाऱ्या 'ऑस्लो मॅन्युअल' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची 1992 ची पहिली आवृत्ती तांत्रिक बदलांपुरतीच होती, आणि संघटनेतील व विपणनातील बदलांना तिच्यात जागा मिळायला 2005 ची तिसरी आवृत्ती यावी लागली.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर मी प्रवरेच्या साखर कारखान्याचे देईन. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या या सहकारी कारखान्यात 1950-51 च्या हंगामात पहिले गाळप झाले. उसाचा रस काढण्याची, तो आटवण्याची आणि साखर वेगळी करण्याची रीत खाजगी कारखान्यांत होती तीच येथे होती. नवे होते ते मालकीचे गणित. ज्याचा ऊस त्याचाच कारखान्यात भाग, त्यामुळे उसाचा भाव ठरवणाऱ्या सभेत ऊस पिकवणाराच मतदार म्हणून बसलेला. पुढे सहकारी साखर कारखानदारीचे जे काही बरेवाईट झाले तो वेगळा विषय आहे, पण शुंपीटर यांचा पाचवा प्रकार समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. 'लिज्जत'ची कथाही याच जातीची. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. पोळपाट-लाटणे घरोघरी होतेच. मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड केंद्रावर आणून द्यायचे आणि लाटणारीनेच मालकीण असायचे, ही मांडणी नवी होती. परदेशातले एक उदाहरण तर पेटंटपर्यंत पोचले: क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 1916 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे 'पिगली विगली' हे किराणा दुकान उघडले, त्यात गिऱ्हाईकाने स्वतः फिरून माल उचलायचा होता, आणि दुकानाच्या त्या रचनेला पुढल्याच वर्षी पेटंट मिळाले.

आता या सर्वांना सामावून घेणारा मराठी शब्द कोणता? 'नवकल्पना' पुरेसा नाही, कारण कल्पना डोक्यातच राहिली तरी ती नवकल्पनाच असते. 'नवोन्मेष' कानाला गोड लागतो. 'उन्मेष' म्हणजे डोळा उघडणे, त्यावरून उमलणे, प्रकटणे. प्रतिभा म्हणजे नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा, ही भट्टतौत यांची व्याख्या संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. पण या गोत्रामुळेच तो शब्द कवीला जितका शोभतो तितका पापडाच्या केंद्राला शोभत नाही, आणि त्यातही भर स्फुरण्यावर आहे, अमलात आणण्यावर नाही. 'नवाचार' हिंदीत रुळला आहे; मराठीत 'आचार' म्हटले की सोवळे-ओवळे नाहीतर आचारसंहिता आठवते, म्हणून तो मी घेणार नाही.

राहिले दोन. 'नवोपक्रम' हा शब्द आपल्या शिक्षकांनी चांगला रुळवला आहे. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा त्यांना परिचित आहे, आणि खडू-फळा किंवा परिसरातल्या वस्तूंवर उभे राहिलेले काम नवोपक्रम ठरू शकते हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. उद्योगात मात्र या शब्दाची एक अडचण होते. 'सार्वजनिक उपक्रम' या प्रयोगात उपक्रम म्हणजे संस्थाच. त्यामुळे 'व्यवसायातील नवोपक्रम' असे वाचून कोणी नवी कंपनी काढल्याचा अर्थ घेईल. म्हणून व्यवसायाच्या लेखनासाठी माझे मत 'नवप्रवर्तन'कडे झुकते. प्रवर्तन म्हणजे चालू करणे, गती देणे. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे आणि कंपन्यांच्या बातम्यांत संस्थापक भागधारकांना 'प्रवर्तक' म्हणण्याचीही रीत आहे. हिंदीत 'प्रवर्तन'ला कायद्याच्या अंमलबजावणीचाही अर्थ आहे, पण त्या नावाच्या संचालनालयाला मराठी वृत्तपत्रे 'सक्तवसुली संचालनालय' म्हणत असल्यामुळे आपल्याकडे घोटाळा होत नाही.

पत्रकातल्या वाक्यात आणखी दोन गोष्टी खटकतात. मराठीत भाजी ताजी असते, बातमी ताजी असते. विचार नवा, वेगळा किंवा निराळा असतो. आणि 'माध्यमातून' हा शब्द जिथे तृतीयेच्या 'ने'ने काम भागते तिथे उगाच येऊन बसतो. त्यामुळे मी ते वाक्य "व्यवसायातील नवप्रवर्तन केवळ तंत्रज्ञानाने होत नाही, त्यासाठी निराळा विचार करावा लागतो" असे लिहीन. समोरचा वर्ग दुकानदारांचा आणि कारागिरांचा असेल, तर पारिभाषिक शब्दही टाळून "धंद्यात नवे काही रुजवायचे तर नुसते यंत्र आणून भागत नाही, वेगळे डोके चालवावे लागते" असे म्हणावे. 'शक्कल लढवणे' हा आपला वाक्प्रचारही हाताशी आहे, पण त्यात तात्पुरत्या सुटकेची छटा असल्यामुळे दीर्घकाळ टिकणाऱ्या बदलासाठी तो तोकडा पडतो.

'नवप्रवर्तन' स्वीकारल्यास करणाऱ्याला 'नवप्रवर्तक' आणि विशेषण म्हणून 'नवप्रवर्तनशील' हे शब्द आपोआप मिळतात. 'नवोन्मेष' आणि 'नवोपक्रम' यांत संधी होते, मग 'नवउद्योजक' लिहिताना 'नवोद्योजक' का नको, असेही काहीजण विचारतात. व्याकरणाने तोही योग्यच आहे. परंतु 'उद्योजक' हा शब्द अखंड ओळखू यावा म्हणून लोकांनी तो सुटा ठेवला आहे, आणि ही सवलत देण्यात मला काही वावगे वाटत नाही.