भावा, पहिल्यांदा आवाज बघ, मग पुस्तक

तू विचारलास ऑडिओबुक ऐकायला सुरुवात कुठनं करू, तर सरळ सांगतो, पहिलं पुस्तक जाडजूड घेऊ नकोस. विनोदी नायतर हलकीफुलकी रहस्यकथा बघ, चारपाच तासांत संपणारी, कोल्हापूर-पुणे गाडीत एका दमात ऐकून होतंय. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप 2017 ला भारतात आलं तेव्हापासून मराठीत भरपूर ऐकायला मिळतंय, पण लेखकाच्या नावावर जाऊ नकोस, वाचणारा कोण ते बघ, आणि सॅम्पल ऐकताना निवेदन सोडून संवाद कुठं येतोय तिथं कान दे, कारण निम्मे वाचणारे तिथंच आपटतात. बायकांचा आवाज म्हणून उगं नाजूक किनरं बोलायचं, आणि गावाकडचा माणूस आला की सगळ्या महाराष्ट्राला एकच 'काय रं'! आपल्या कोल्हापूरकडं बायका 'येतो, जातो' म्हणतात हे कितीजणांना ठावं हाय? शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून कथाकथन करायचे, पाटील तर आपल्या पट्टणकोडोलीचे, त्यांची रेकॉर्डिंगं मिळाली की ऐक, गप्प कधी बसायचं ते कळतं.

म्हणूनच विनोदी पुस्तक दीडच्या स्पीडवर लावू नकोस रे, पॉजच मरतोय, हसायला जागा राहत नाही. रहस्यकथेला सव्वा चालतंय, पाच तासांचं चारात उरकतं. मागं सतत म्युझिक वाजत असलं तर मी तरी बंदच करतो. आणि रात्री स्लीप टायमर लाव, म्हणजे ठरल्या वेळेला आपोआप बंद होतंय, नायतर सकाळी खुनी सापडलेला असतोय आणि तुला पत्ताच नाही.