बाटलीत फेस, टँकमध्ये मात्र शुकशुकाट

प्रश्न: प्लांटेड टँकसाठी (झाडं लावलेला माशांचा टँक) घरीच साखर-यीस्टचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सेटअप केलाय. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला भोक पाडून नळी घातली आणि वरून भरपूर ग्लू लावला. बाटलीत जोरात फेस येतो पण डिफ्युझरमधून (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा भाग) एक बुडबुडा निघेल तर शपथ. यीस्ट बदललं तरी तेच. काय करू?

उत्तर: अहो, फेस येतोय ना, मग यीस्ट ठणठणीत आहे, उगाच बिचाऱ्याला दोष देऊ नका. बाटली हाताने दाबून बघा. मऊ लागली तर गॅस कुठूनतरी गळतोय, दगडासारखी कडक लागली तर पुढे कुठेतरी अडकलाय, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, उलटा बसलाय किंवा डिफ्युझर चोंदलाय (अशा वेळी झाकण हळूहळू सैल करा, एकदम उघडलंत तर सगळा चिकट फेस अंगावर).

माझा संशय मात्र झाकणावरच आहे. बाटलीच्या झाकणाचं प्लॅस्टिक असं असतं की त्याला ग्लू धड चिकटतच नाही, वरून घट्ट दिसतो पण प्रेशर आलं की कडेने सुटतो. साबणाचं पाणी लावा, गळत असेल तिथे फुगे येतील. नवीन झाकण घ्या, भोक नळीपेक्षा किंचित लहान पाडा, नळीचं टोक तिरकं कापा, ते भोकात घालून आतल्या बाजूने पकडीने खेचा, नळी इतकी आवळून बसते की ग्लूची गरजच पडत नाही. सिरॅमिक डिफ्युझरला प्रेशर लागतं, त्यामुळे नुसती नळी पाण्यात सोडली की बुडबुडे येतात आणि डिफ्युझर लावला की बंद, असं झालं तरी आधी गळतीच शोधा. आणि नळी सिलिकॉनची असेल तर बदला, तिच्यातून सीओटू झिरपतो.

प्रश्न: माझा सेटअप छान चालतो, पण सकाळी लाइट लावायच्या आधी मासे वर येऊन धापा टाकत असतात. सीओटू जास्त होतोय का?

उत्तर: बहुतेक हो. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट ऑक्सिजन वापरतात, आणि यीस्टला दिवस काय न् रात्र काय, ते गॅस सोडतच राहतं. रात्रभर एअर पंप लावा, पृष्ठभाग हलता राहिला की जादा गॅस उडून जातो. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारं छोटं भांडं) असेल तर त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कडकपणाचं माप) पाणी घाला, टँकचं नको, आणि रंग सकाळी उठल्या उठल्या बघा. हिरवा म्हणजे सीओटू साधारण ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम), पिवळा म्हणजे जास्त. हा रंग एक-दोन तास मागे असतो, त्यामुळे मासे धापा टाकत असतील तर रंगाची वाट बघत बसू नका, लगेच नळी बाहेर काढा आणि पंप चालू करा. रोज रात्री नळी काढून ठेवलीत तरी चालेल, फक्त तिला क्लिप लावून गॅस अडवू नका, बाटली फुटेल.