जपानी विनाशिकांवर एवढ्या तोफा आणि टॉर्पेडो मावायचे कसे? ब्रिटिश-अमेरिकनांना ते का जमलं नाही?

मावायचे कुठले, कोंबायचे. आणि ‘जमलं नाही’ हे शब्द झोंबले म्हणून लिहायला बसलोय, कारण हेच मी पंचवीस वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय.

आधी तोमोझुरू या जपानी बोटीचं घ्या. १९३० च्या लंडन कराराने विनाशिकांच्या टनांवर मर्यादा आली, पण ६०० टनांखालची जहाजं मोजणीतच नव्हती. जपान्यांनी ही फट बरोबर हेरली आणि चिदोरी वर्गाच्या टॉर्पेडो बोटी काढल्या; तोमोझुरू त्यातलीच एक. फुबुकी वर्गाच्या मोठ्या विनाशिकेवर १२.७ सेंटीमीटरच्या सहा तोफा असायच्या. या चिमुकलीवर तीन, शिवाय टॉर्पेडोच्या चार नळ्या. म्हणजे वजन एक तृतीयांश आणि तोफा निम्म्या. १२ मार्च १९३४ ला सासेबोजवळ, रात्रीच्या सरावानंतर खवळलेल्या समुद्रात तोमोझुरू कलली ती कललीच. ११३ पैकी १०० माणसं गेली. जहाज पालथं तरंगताना सापडलं. तळ शाबूत, कुठे भोक नाही. हे भोकाचं लक्षात ठेवा.

आता आमचं. कारगिलच्या वर्षी, १९९९ ला, कोल्हापुरात गल्लोगल्ली टायगर हिल उभी राहिली होती. आमच्या मंडळाने ठरवलं, आपण नौदल करायचं. तांत्रिक देखावा: लोखंडी टाकीत पाणी, ट्रकच्या वायपर मोटरवर लाटा, आणि लाटांवर नऊ फुटी ‘आयएनएस दिल्ली’. उद्यमनगरात माझं लेथचं शेड, त्यामुळे जहाज माझ्या गळ्यात. २० गेजचा पत्रा, रुंदी अकरा इंच, जोडाला सोल्डर, तळात फौंड्रीतून आणलेले बिडाचे तुकडे. शेडमागच्या हौदात आठ दिवस तरंगवलं. हाताने कलतं केलं की डुलत सरळ व्हायचं. बघत राहावंसं वाटायचं.

मग दाजी आले. दाजी मंडळाचे अध्यक्ष. आधी म्हणाले, रडार फिरतं पाहिजे. दिलं. मग दोन हॅलोजन. मग पुढे निवडणुकीला उभं राहणार असलेल्या एका देणगीदाराची पाटी, लाकडी चौकटीची, आणि ती डोलकाठीच्या टोकाला, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही वाचता यावी. मी म्हटलं, “दाजी, वर वजन नको, कलंडेल.”

“अरं, पाच किलोनं जहाज बुडतंय व्हय?”

तळात पाच किलोने काही होत नाही हो. तीन फूट वर होतं. कललेल्या जहाजाला परत उभं करणारा जो जोर असतो, तो वजन वर सरकलं की आटत जातो आणि एका कलानंतर उलटाच लागतो. हे मी वहीत काढून दाखवलं. दाजींनी वहीवर चहाचा कप ठेवला.

उद्घाटनाचा नारळ फुटला, लाटा चालू झाल्या, तिसऱ्या लाटेला पाटीसकट आमची दिल्ली आडवी. हॅलोजन पाण्यात गेल्याने अख्खा मांडव अंधारात. शॉक कुणाला लागला नाही हे नशीब. आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत निकाल काय? “पत्रा गळका होता. ह्याला जमलं नाही.”

तोमोझुरूचा आराखडा करणाऱ्या फुजिमोतो किकुओचंही असंच झालं. एवढ्या तोफा पाहिजेत म्हणून अडून बसले मुख्यालयातले अधिकारी, आणि बाजूला सारलं त्याला. पुढच्याच वर्षी तो वारला. तोफा मागणाऱ्यांची नावं सांगा बघू कुणी.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नंतर जपान्यांनीच चिदोरी बोटींवरच्या तोफा बदलून हलक्या बसवल्या, नळ्या दोनवर आणल्या. बाकीच्या जहाजांचीही झाडाझडती झाली. ब्रिटिशांनी १९४० मध्ये विमानविरोधी तोफ हवी झाली तेव्हा कित्येक विनाशिकांवरचा टॉर्पेडो नळ्यांचा एक आख्खा संच उतरवून तिथे ती बसवली. वर काही ठेवायचं तर वरचंच काहीतरी काढा. याला अक्कल म्हणतात, न जमणं म्हणत नाहीत.

अमेरिकन धुतल्या तांदळाचे होते असं मात्र नाही. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळच्या चक्रीवादळात हल, मोनाघन आणि स्पेन्स या त्यांच्या तीन विनाशिका उलटल्या. युद्धात वर भर पडत गेलेली, आणि स्पेन्सच्या टाक्यांत तर तेल तळाला लागलेलं. इंधन संपत आलं की तळाचं वजन जातं, हे जपान-अमेरिका सगळ्यांना सारखंच.

आणि खोटं कशाला बोलू, तळाचं वजन मीही काढलं होतं. टाकी वरच्या जोडाला पाझरत होती, पाणी वीतभरही ठेवता येईना, जहाज बुडाला घासायला लागलं. म्हणून ऐनवेळी आठ किलो बीड मी स्वतःच्या हाताने उपसलं. पण पाटी नसती तर तेवढ्यावर निभावलं असतं.

गळका पत्रा हे मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. सांगाडा अजून शेडच्या माळ्यावर आहे. दाजी हे वाचत असतील तर या रविवारी या. आतून पाणी भरून ठेवतो, खाली पेपर अंथरू आणि थांबू तासभर.