सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मतदान अधिकारी म्हणून ड्यूटी लागली आहे. काय सांभाळावं?

सगळ्यात जास्त घोळ चार मतांचा होतो. आपल्याकडे 26 प्रभागांत 102 नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा. मतदार एकच बटण दाबून निघतो आणि यंत्र उरलेल्या मतांची वाट बघत अडकून राहतं. म्हणून शाई लावतानाच प्रत्येकाला सांगा: चारही जागांसाठी बटण दाबा, कुणी पसंत नसेल तर त्या जागेचा 'नोटा', आणि लांब बीप वाजेपर्यंत हलू नका. पूर्व भागात केंद्र असेल तर हे तेलुगूत सांगणारा सहकारी सोन्यासारखा. समजावायचं ते आडोशाच्या बाहेरच, आत डोकवायचं नाही.

आदल्या दिवशी साहित्य घेताना कंट्रोल युनिट (यंत्राचा अधिकाऱ्याजवळचा भाग) आणि बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) यांचे नंबर यादीशी तिथेच ताडून बघा. केबल जोडताना किंवा काढताना कंट्रोल युनिट बंद हवं, नाहीतर लिंक एरर येतो.

मतदान सकाळी 7:30 ला सुरू. त्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान (म्हणजे चाचणी मतदान), मग कंट्रोल युनिटवरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं, याच क्रमाने. हे करायचं राहिलं तर चाचणीची मतं खऱ्या मतांत मिसळतात, आणि ते संध्याकाळी हिशेब जुळेना तेव्हा कळतं.

5:30 ला रांग असेल तर शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत या. जेवणाच्या भरवशावर राहू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी बरोबर ठेवा.