निशि-फुनाबाशीला तोझाई मेट्रोतून उतरून जेआरची (जपान रेल्वेची) गाडी कशी पकडायची?

तुमचा प्रश्न असा: मुक्काम निशि-कासाईला भावाकडे, प्रदर्शन माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात, आणि वाटेत निशि-फुनाबाशीला गाडी बदलायची आहे. तिथे मेट्रो, जेआर आणि तोयो रॅपिड अशा तीन कंपन्यांच्या गाड्या येतात, तर तिकीट किती वेळा काढायचं आणि चूक कुठे होते?

तिकीट वेगवेगळं काढायची गरज नाही. सुइका किंवा पास्मो, आधी पैसे भरून ठेवायचं यांपैकी कुठलंही कार्ड तिन्ही कंपन्यांना चालतं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. जपान रेल पास काढला असेल तर तो जेआरच्या टप्प्यालाच लागू आहे, निशि-कासाईपासूनच्या मेट्रोला नाही.

आधी स्टेशनची रचना समजून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. १९५८ मध्ये जेआरच्या सोबु मार्गावर हे स्टेशन सुरू झालं. १९६९ मध्ये शेजारी तोझाई मेट्रो आली. १९७८ मध्ये जेआरचाच मुसाशिनो मार्ग आला, तो या रुळांना वरून आडवा छेदतो. १९९६ पासून तोयो रॅपिड कंपनीच्या गाड्या मेट्रोच्याच फलाटांवरून सुटू लागल्या. त्यामुळे आज १ ते ४ फलाट सोबुचे, ५ ते ८ मेट्रो आणि तोयो रॅपिडचे, आणि ९ ते १२ मुसाशिनो-केइयोचे (केइयो हाही जेआरचा मार्ग). तुम्ही ५ ते ८ पैकी एकावर उतरणार आणि जाणार ९ किंवा १० वर, तरीही जिन्यावरचा इंडिकेटर एकदा वाचून घ्या.

डब्यावर कुठल्या कंपनीचा रंग आहे त्यावरून काही ठरवू नका. तोझाईच्या रुळांवर मेट्रोच्या गाड्यांबरोबर जेआरच्या आणि तोयो रॅपिडच्या गाड्याही धावतात. शेवटचं स्टेशन तेवढं वाचा. निशि-कासाईहून पूर्वेला जाणारी गाडी निशि-फुनाबाशी, त्सुदानुमा किंवा तोयो-कात्सुतादाई दाखवेल. तिन्ही चालतील, उतरायचं मात्र निशि-फुनाबाशीलाच. तोयो-कात्सुतादाईच्या गाडीत डुलकी लागली तर पुढचं स्टेशन हिगाशि-काइजिन. तिथे जेआर नाही आणि तोयो रॅपिडचं जास्तीचं भाडं लागतं, तेही स्वस्त नाही.

उतरल्यावर जिना चढून वर या. तिथे दोन प्रकारची गेटं आहेत: एक रस्त्यावर नेणारं, दुसरं मेट्रो आणि जेआरच्या मधलं. तुम्हाला हे मधलं गेट हवं. पाटीवर 'नोरिकाए', म्हणजे गाडी बदलण्याचा मार्ग, आणि जेआरचं नाव असतं. कार्ड एकदाच टेकवा. त्या एका टेकवण्यात मेट्रोचं भाडं वळतं होतं आणि जेआरमधला प्रवेशही नोंदला जातो. हे गेट असण्याला कारण आहे. तोझाईच्या दुसऱ्या टोकाचं नाकानो ते निशि-फुनाबाशी जेआरनेही जाता येतं आणि तोझाईनेही, दोन्हींचं भाडं वेगळं. माणूस कुठल्या मार्गाने आला हे इथे कळतं. चुकून रस्त्याकडच्या गेटने बाहेर पडलात तरी घाबरू नका, जेआरच्या गेटने आत या, तेवढी पायपीट जास्त.

आता खरी जपून चालायची जागा. ९-१० वरून निघणारी गाडी पुढे दोन फाट्यांपैकी एकावर जाते. एक फाटा इचिकावा-शिओहामाकडून टोकियोला (डिस्नेलँडचं माइहामा याच बाजूला), दुसरा मिनामि-फुनाबाशीकडे. तुम्हाला दुसरा हवा, मेस्सेजवळचं काइहिन-माकुहारी स्टेशन तिकडेच आहे. गाडीवर 'काइहिन-माकुहारी' असेल तर सरळ बसा. 'मिनामि-फुनाबाशी' असेल तरीही बसा, तिथे सोगाकडची (केइयोच्या पूर्व टोकाकडची) लोकल घ्या. निशि-फुनाबाशीनंतरची स्टेशनं अशी: मिनामि-फुनाबाशी, शिन-नाराशिनो, माकुहारी-तोयोसुना आणि चौथं काइहिन-माकुहारी. टोकियोच्या गाडीत चढलात तर मागे फिरू नका. इचिकावा-शिओहामाला उतरून तिथूनच सोगाकडची लोकल घ्या.

नावंही नीट पाहा. माकुहारी, केइसेइ-माकुहारी, माकुहारी-होंगो, माकुहारी-तोयोसुना आणि काइहिन-माकुहारी ही पाच वेगळी स्टेशनं आहेत. मेस्सेला पायी जायला शेवटचंच सोयीचं.

केइयो मार्ग समुद्राकाठचा. जोराचा वारा सुटला की गाड्या थांबवतात. अशा दिवशी सोबु लोकलने फुनाबाशी, हिगाशि-फुनाबाशी, त्सुदानुमा करत चौथ्या माकुहारी-होंगोला उतरा आणि तिथून बसने मेस्से गाठा. काही लोकल त्सुदानुमालाच संपतात, म्हणून चिबाची गाडी पाहून चढा. आणि निशि-फुनाबाशीला फुनाबाशी समजू नका, सोबु रॅपिड निशि-फुनाबाशीला थांबतच नाही. गाड्या बंद पडल्या की शेजारची कंपनी जादा भाडं न घेता प्रवासी नेते, पण ही सोय रोजच्या प्रवाशांचा पास किंवा कागदी तिकीट असलेल्यांना. कार्डातल्या शिलकीवर जाणाऱ्यांना नाही. म्हणून थोडी जास्त शिलक ठेवा.

परतताना दोनदा सावध राहावं लागतं. काइहिन-माकुहारीहून टोकियोला जाणारी केइयो गाडी निशि-फुनाबाशीला जातच नाही, तेव्हा मुसाशिनोची गाडी घ्या, नाहीतर मिनामि-फुनाबाशीला बदला. मग तोझाईच्या फलाटावर 'रॅपिड' आली तर सोडून द्या. ती उरायासुनंतर थेट तोयोचोला थांबते, निशि-कासाई मागे पडतं. चढलाच असाल तर उरायासुला उतरून लोकल घ्या, तिथून कासाई आणि मग निशि-कासाई. उरायासुही हुकलं तर तोयोचोहून उलट दिशेच्या लोकलने दुसरं स्टेशन. सकाळच्या गर्दीत एक 'कम्युटर रॅपिड' गाडी असते, ती उरायासुपर्यंत सगळीकडे थांबते आणि नेमकी निशि-कासाई टाळते. त्यामुळे पाटीवर 'लोकल' असेल तरच चढा.