रिंगखालून : आधी उतरायला शिका

आखाजीच्या आठवड्यात आमचं भुसावळचं बास्केटबॉलचं उन्हाळी शिबिर अर्धं रिकामं होतं. पोरं मामाच्या गावाला, पोरी झोक्यावर. त्या सवडीत तुमची पत्रं वाचून काढली. सगळ्यांना जागा नाही, चार घेतो.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. शाळेच्या टीममध्ये खेळते. यंदा उंची एकदम वाढली आणि आता गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, जिना उतरताना जास्त. सासूबाई म्हणतात, उड्या मारून पोरीचे गुडघे जातील, खेळ बंद करा. करू का?
– एक आई, यावल

ताई, खेळ बंद करू नका. उड्या मात्र महिनाभर कमी करा.

वाटीच्या खाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो. तिथंच दाबल्यावर दुखतं का, ते आधी बघा. वाढीच्या वयात हाड भराभर लांबतं, मांडीचा स्नायू मागं राहतो आणि ताणलेला असतो. तो जिथं नडगीला धरलेला असतो तिथलं हाड अजून कच्चं. दर उडीला तिथंच ओढ बसते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. नाव भयंकर आहे, पण वाढ पुरी झाली की बहुतेक मुलांचं आपोआप शमतं. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, पोर लंगडत असेल किंवा दुखण्यानं रात्री जाग येत असेल, तर माझं सदर बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडं न्या.

सासूबाईंचं निम्मं खरं आहे. उडीनं नाही, वाईट उतरण्यानं गुडघे जातात. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटण्याचं प्रमाण वयात आलेल्या मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पोर एकटीच उडते, उतरताना गुडघे आत झुकतात, संपलं. म्हणून माझ्याकडं नवीन आलेल्या मुलीला पहिले पंधरा दिवस मी रिंगकडं बघूही देत नाही. कोर्टाच्या कडेला सिमेंटची एक पायरी आहे, वीतभर उंच. तिच्यावरून खाली उतरायचं आणि आवाज ऐकायचा. ‘धप्प’ आलं की परत वर. मांजर ओट्यावरून उतरतं तेव्हा ऐकू येतं का? तसं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत झुकला की मी टाळी वाजवतो. पोरी चिडतात, चिडू द्या. दुखणं ओसरल्यावर तुम्ही घरी ओट्याच्या पायरीवर हेच करून घ्या. आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा वेळा. समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तिलाच दाखवा. मी शंभरदा सांगून कळत नाही ते तिला एकदा बघून कळेल.

तोवर ड्रिबलिंग आणि पासिंग चालू ठेवा. आणि हो, शाळेतला बॉल हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचा. बऱ्याच शाळांत एकच बॉल असतो, मुलांचा, ७ नंबरचा. मुलींचा ६ नंबरचा. मोठ्या बॉलसाठी पोर सगळं अंग झोकून फेकते, आणि त्याचा हिशेब शेवटी पाय देतात.

सरावात १० पैकी ८ फ्री थ्रो जातात. मॅचमध्ये हात थरथरतो. मागच्या स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला दोन्ही चुकले, एका पॉइंटनं हरलो. मित्र अजून चिडवतात. मन खंबीर कसं करू?
– वय १६, अमळनेर

भो, फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर लाईनवरून, कुणी न अडवता टाकायचा थ्रो. तुझे ते ८ केव्हाचे आहेत ते सांग. मीच सांगतो. मैदानावर आल्या आल्या, ताज्या पायांनी, एका जागी उभं राहून, ओळीनं दहा. मॅचमध्ये असे दहा तुला कोण देणार आहे? तिथं दोन मिळतात, तेही छाती भात्यासारखी चालत असताना. तुझं मन कच्चं नाही रे, तुझा सराव लाडावलेला आहे.

उद्यापासून असं कर. कोर्ट २८ मीटर लांब असतं. जाऊन-येऊन दोनदा पळ, लाईनवर ये आणि दोनच टाक. परत पळ. असे दहा फेरे, वीस थ्रो, सरावाच्या शेवटी. वहीत आकडा लिही. पहिल्या आठवड्यात निम्मेच जातील आणि तुला वाईट वाटेल. पण तोच तुझा खरा आकडा. आता तो वाढव.

दुसरं, बॉल हातात आल्यावर ५ सेकंद मिळतात. त्यात काय करायचं ते आजच ठरव आणि घरच्या अंगणातही तेच कर: दोन टप्पे, एक लांब श्वास बाहेर, नजर रिंगच्या कडेवर, थ्रो. मी जन्मभर रेल्वेत काढला. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट सिग्नल एकमेकांना मोठ्यानं सांगतात. दोघांनाही तो दिसतच असतो, तरी सांगतात, कारण तोंडानं बोललं की डोकं दुसऱ्या रुळावर जात नाही. माझी पोरं थ्रोच्या आधी पुटपुटतात, ‘कोपर’. एक जण ‘माय’ म्हणायचा. मी अडवलं नाही, कारण त्याचे जायचे. ‘चुकायला नको’ एवढं मात्र म्हणू नकोस.

मित्रांचं म्हणशील तर, त्या मॅचचा स्कोअर डोळ्यांसमोर आण आणि कुणी किती सोपे ले-अप, रिंगपाशी जाऊन टाकायचे थ्रो, घालवले ते मोज. मग चिडवू दे त्यांना. अमेरिकेत रिक बॅरी नावाचा खेळाडू दोन्ही हातांनी खालून, बादली रिकामी केल्यासारखा फ्री थ्रो टाकायचा. १०० पैकी ९० च्या आसपास जायचे. एवढं डोळ्यांपुढं असूनही त्याची नक्कल फारशी कुणी केली नाही, लोक हसतील म्हणून. शकील ओनीलसारखा धिप्पाड गडी वरूनच टाकत राहिला आणि कारकिर्दभर निम्म्याच्या जरा वर राहिला.

मुलगा १५ वर्षांचा. दुपारी चारला सराव असतो. दुकानदार प्रोटीन पावडरचा डबा घ्या म्हणतो. द्यावा का?
– एक वडील, शहादा

भाऊ, डब्याचं नंतर. आधी ती चारची वेळ बदला.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जातो. सिमेंटचं कोर्ट तर संध्याकाळपर्यंत तव्यासारखं असतं. हे मी शहाणपणानं नाही, चुकीनं शिकलो. कोच म्हणून नवा होतो तेव्हा सरावात पाणी पिऊ देत नसे. ‘पोटात गोळा येतो’ असं माझ्या कोचनं सांगितलं होतं, मी पुढं चालवलं. एका मेमध्ये एक पोरगा मधल्या वर्तुळात काहीतरी असंबद्ध बोलायला लागला आणि बसला तो उठेना. सावलीत नेलं, अंगावर ओली गोणपाटं टाकली, तसंच रिक्षात घालून दवाखान्यात पळालो. वाचला. त्याच्या आईनं मला एक शब्दही विचारला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून सराव सकाळी सहाला, कोर्टाशेजारी माठ, आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्यासाठी शिट्टी. तहान असो-नसो. लांबलेल्या सरावाला चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं लिंबूपाणी.

डबा नको. घरी कळण्याची भाकरी होते ना? ज्वारीबरोबर उडीद पोटात जातो. वरून डाळ, दही, चालत असेल तर अंडी. सरावानंतर दोन केळी. केळीच्या मुलखात राहून डबा विकत घ्यायचा म्हणजे कमालच. आणि रात्री ८ ते १० तास झोप. मोबाईल तुमच्या उशाशी ठेवा, त्याच्या नको.

बास्केटबॉल खेळून उंची वाढते का?
– चाळीसगाव

नाही. उंच पोरं या खेळात टिकतात, म्हणून तसं दिसतं. मग्सी बोग्स ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएत, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, १४ सीझन खेळला. तो कोणती पावडर घ्यायचा, हे पुढच्या पत्रात विचारू नका.